समुद्राला कान लावणारा सोनार

एक प्रयोग करून बघा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि खाऱ्या पाण्याने भरलेल्या पिंपाच्या तळाशी सोडा. (स्वतःचा नको, मित्राचा घ्या.) मग दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल लावा. पाणी पुरेसं खारट आणि पिंप पुरेसं खोल असेल, तर तो फोन 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' गेलेला असेल. घरातल्या घरात! मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, आणि म्हणूनच ते रेडिओ लहरी गिळून टाकतं. मोबाईल, वायफाय, जीपीएस, रडार, सगळ्यांचा खेळ पाण्याच्या पृष्ठभागावर संपतो. प्रकाशाचंही तेच. धरमतरच्या खाडीत हात कोपरापर्यंत घातला, तर आपलीच बोटं आपल्याला दिसत नाहीत.

आता पिंपाऐवजी अरबी समुद्र घ्या आणि फोनऐवजी साठ-सत्तर मीटर लांबीची पाणबुडी. ती शोधायची कशी?

उरतो फक्त आवाज. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात साधारण १,५०० मीटर. पेण ते रोहा अंतर रस्त्याने ४० किलोमीटरच्या आसपास. आपल्या हायवेवरून ते कापायला किती वेळ लागेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मध्ये नुसता समुद्र असता, तर पेणला झालेला आवाज रोह्याला अर्ध्या मिनिटाच्या आत पोचला असता. हवेतून त्यालाच दोन मिनिटं लागली असती, तीही वाटेत विरून गेला नसता तर. पाण्यात आवाज नुसता वेगाने जात नाही, तो लांब जातो. पाणबुड्यांच्या शोधाचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे, आणि त्याचं नाव सोनार.

हा सोनार बाजारपेठेतला नव्हे. 'साउंड नेव्हिगेशन अँड रेंजिंग' या लांबलचक नावाचं ते लघुरूप. तरी मराठी माणसाला 'सोनारानेच कान टोचावे' आठवल्याशिवाय राहत नाही, आणि गंमत म्हणजे इथे विषयही कानांचाच आहे.

सोनारच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत तुम्ही स्वतः आवाज करता, म्हणजे 'पिंग', आणि प्रतिध्वनीची वाट बघता. वटवाघूळ हेच करतं. पिंग जाऊन परत यायला चार सेकंद लागले, तर समोरची वस्तू तीन किलोमीटरवर. हिशोब सोपा. याला ॲक्टिव्ह सोनार म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे पॅसिव्ह. स्वतः गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं. पाणबुडीचा पंखा पाणी कापतो, पंप चालतात, गिअर फिरतात, आणि प्रत्येकाचा सूर ठरलेला असतो. कॉलेजच्या गेटवर पाठ करून उभं असतानाही 'हा आपल्या ग्रुपमधल्या अमक्याचा बुलेट' हे तुम्हाला कळतं ना? सोनारवरचा माणूस तसंच ओळखतो. फरक इतकाच, की त्याला तो आवाज स्क्रीनवर रेघांच्या रूपात दिसतोही.

मग सरळ पिंग मारत का सुटत नाहीत? कारण पिंग म्हणजे अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावणं. तुम्हाला समोरचा दिसेल न दिसेल, तुम्ही मात्र सगळ्यांना दिसाल. तुमच्या पिंगला पाणबुडीपर्यंत जाऊन परतही यायचं असतं. पाणबुडीला मात्र तो एकेरी प्रवासातच ऐकू येतो. त्यामुळे जिथून तुम्हाला प्रतिध्वनी मिळतच नाही, तितक्या लांबून तिला तुमची चाहूल लागलेली असते. आणि नुसतं ऐकायचं म्हटलं, तर दुसरीच अडचण. जहाज चालतं तेव्हा स्वतःच प्रचंड गोंगाट करतं. इंजिनाची घरघर, पंख्याचा आवाज, तळावरून घसटत जाणारं पाणी. वेग वाढला की गोंगाट वाढतो आणि कान बधिर होतात. नीट ऐकायचं तर हळू चालावं लागतं, आणि हळू चालणारं जहाज म्हणजे टॉर्पेडोसाठी सोपं लक्ष्य.

हा पेच ऐकायला पुस्तकी वाटतो. भारतीय नौदलाने त्याची किंमत आपल्याच बाजूच्या समुद्रात मोजली आहे.

डिसेंबर १९७१. भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झालं होतं. 'हंगोर' ही पाकिस्तानी पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ फिरत असल्याचा सुगावा नौदलाला तिच्या रेडिओ संदेशांवरून लागला. तिला शोधायला मुंबईहून आयएनएस खुकरी आणि आयएनएस किरपाण या फ्रिगेट निघाल्या. खुकरीवर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला होते. दोन्ही जहाजं पाणबुड्यांच्या शिकारीसाठीच बांधलेली, पण त्यांचं सोनार जुन्या ब्रिटिश बनावटीचं. उलट हंगोर फ्रेंच बनावटीची, तुलनेने नवी आणि शांत, आणि तिचे कान खुकरीपेक्षा कितीतरी लांबचं ऐकणारे. त्यातच खुकरीवर एक प्रयोग चालू होता. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी एका तरुण नौदल अधिकाऱ्याने तयार केलेली जोडणी तपासली जात होती, आणि तिच्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागत होता. शिकारी हळू चालले होते. सावज त्यांना ऐकत होतं.

९ डिसेंबरच्या रात्री, नऊच्या सुमारास, दीवजवळच्या समुद्रात हंगोरने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो फुटला नाही. दुसरा खुकरीवर सोडला. तो फुटला, आणि काही मिनिटांत खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्लांनी जहाज सोडलं नाही. ती जोडणी बनवणारा अधिकारीही परतला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात बुडवलेलं हे जगातलं पहिलं जहाज, आणि स्वतंत्र भारताने लढाईत गमावलेली एकमेव युद्धनौका. पुढचे काही दिवस हंगोरचा कसून शोध चालला. त्या शोधात दुसऱ्याच दिवशी नौदलाचं एक अलिझे विमान पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं. त्यातले तिघेही गेले. हंगोर मात्र निसटून कराचीला पोचली.

खुकरीची गोष्ट आपल्याकडे शौर्यकथा म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण ती एका तांत्रिक पराभवाचीही गोष्ट आहे, हा भाग फारसा सांगितला जात नाही. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण नौदलाने तो तेव्हाच मान्य केला आणि कामाला लागलं.

इथे एक माणूस आपल्या कथेत येतो. त्याची करामत आत्ता तुमच्या खिशात आहे. आरोग्यस्वामी पॉलराज. तमिळनाडूतला मुलगा, पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या एनडीएमध्ये आला. इंजिनिअरिंग केलं लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. म्हणजे आपल्या खोपोलीचा घाट चढलं की आलंच. पुढे आयआयटी दिल्लीतून पीएचडी. खुकरी बुडाल्यावर जुन्या सोनारमध्ये सुधारणा करायचं काम या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. नंतर कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत, म्हणजे डीआरडीओच्या एनपीओएलमध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली 'अपसोह' हे पूर्ण देशी बनावटीचं सोनार तयार झालं आणि ऐंशीच्या दशकात नौदलाच्या जहाजांवर बसलं. तेव्हा कुणी भारताला असलं तंत्रज्ञान सहज देत नव्हतं.

आणि खिशातली करामत? नौदल सोडल्यावर पॉलराज अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. तिथे १९९२मध्ये त्यांना 'मिमो'ची कल्पना सुचली. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक अँटेनांमधून वेगवेगळे सिग्नल पाठवायचे आणि पलीकडे अनेक अँटेनांनी ते पकडून पुन्हा सुटे करायचे. तुमचं फोरजी, फाइव्हजी आणि घरातलं वायफाय यावर चालतं. सोनारमध्येही शेवटी हेच असतं. जहाजाच्या पोटाशी बसवलेल्या अनेक हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातल्या माइकवर, सगळे आवाज एकमेकांत मिसळून येतात आणि त्यातून हवा तो सुटा करायचा असतो. एका गणिताने पाणबुडी सापडते आणि त्याच्याच भावंडाने तुमचं रील लोड होतं. पॉलराजना २०१०मध्ये पद्मभूषण आणि २०१४मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळालं. तरी दहा जणांना नाव विचारा, नऊ जण गुगल करतील.

आता परत त्या पेचाकडे येऊ. जहाज स्वतःच्या गोंगाटामुळे बहिरं होतं आणि शांत राहिलं तर धोक्यात येतं. मग कानच जहाजापासून तोडून लांब टाकले तर? सोनोबॉय म्हणजे नेमकं हेच. यातला 'बॉय' म्हणजे मुलगा नव्हे. आपले कोळी बांधव समुद्रातल्या तरंगत्या खुणेला बोया म्हणतात, तोच हा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या सुमारास, तो वापरात आला आणि मूळ कल्पना आजही बदललेली नाही.

प्रमाण आकाराचा सोनोबॉय दिसायला साधा असतो. सुमारे ९१ सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर जाड नळकांडं. पाइपचा तुकडा म्हणून सहज खपेल. विमानातून तो सोडला की छोटी छत्री उघडते आणि तो सावकाश पाण्यावर उतरतो. खारं पाणी लागलं की अनेक प्रकारांत त्याच पाण्याने बॅटरी जागी होते. आधी ज्या खारेपणाला आपण नावं ठेवली, तो इथे कामाला येतो. मग त्याचे दोन भाग होतात. वरचा फुगा पाण्यावर तरंगत राहतो, त्यात रेडिओ आणि अँटेना. खालचा भाग, म्हणजे हायड्रोफोन, तारेला लटकून खोल जातो. किती खोल, ते आधी ठरवता येतं. काही प्रकारांत ३० मीटरपासून ३०० मीटरपर्यंत. कान पाण्याखाली, तोंड पाण्यावर. खाली जे ऐकू येईल ते तारेतून वर, आणि वरून रेडिओने विमानात. विमान किलोमीटरभर उंचीवर निवांत, आणि पाणबुडीचा टॉर्पेडो तिथे पोचू शकत नाही. खुकरीला जे जमणं शक्य नव्हतं ते इथे आपोआप जमतं. ऐकणारा गप्प आहे, तरी सुरक्षित आहे.

एका सोनोबॉयने फारसं काही साधत नाही. विमान ते ओळीने किंवा चौकटीत पेरत जातं. साधा सोनोबॉय फक्त 'काहीतरी आहे' एवढं सांगतो. दिशा ओळखणारा सोनोबॉय 'आवाज ईशान्येकडून येतोय' असं सांगतो. समजा, विसर्जनाच्या दिवशी पेणमध्ये तुम्ही एका चौकात उभे आहात आणि मित्र दुसऱ्या. ढोल-ताशा कुठे वाजतोय हे दोघांनाही दिसत नाही, पण दोघांनी आवाजाच्या दिशेने बोट दाखवलं, तर दोन रेषा जिथे मिळतात तिथे मिरवणूक. दोन सोनोबॉय हेच करतात. एकदा अंदाज आला की शेवटी ॲक्टिव्ह सोनोबॉय टाकतात, जो स्वतः पिंग मारतो. तेव्हा पाणबुडीला कळतं, पण तोवर तिच्यासाठी बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ठरलेली वेळ संपली, जास्तीत जास्त साधारण आठ तास, की सोनोबॉय स्वतःच पाणी आत घेतो आणि बुडतो. परत गोळा करायची भानगड नाही. एकदाच वापरायचं, म्हणून खर्चही तसाच.

नौदलाची पी-८आय विमानं हे काम करतात. मूळ बोइंग ७३७ या प्रवासी विमानाचाच हा अवतार, आणि एका फेरीत शंभराहून जास्त सोनोबॉय नेऊ शकणारा. त्यांची एक तुकडी २०२२पासून गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसावर आहे. हेलिकॉप्टरची पद्धत थोडी वेगळी. विहिरीत कळशी सोडावी तसं ते एका जागी तरंगत दोराने सोनार पाण्यात सोडतं, ऐकतं, वर ओढतं आणि पुढच्या जागी जातं.

इथवर सगळं सोपं वाटलं असेल, तर आता पाण्याचा स्वभाव बघू. पाण्यात आवाज सरळ जातच नाही. गरम पाण्यात तो वेगाने जातो, थंड पाण्यात हळू, आणि हळू जागेकडे वाकतो. अकरावीत पेला आणि पेन्सिल घेऊन प्रकाशाचं वक्रीभवन शिकलात, तोच नियम. वर उन्हाने तापलेलं पाणी आणि खाली गार पाणी असेल तर जहाजाचा पिंग खाली वाकतो आणि काही अंतरावर एक 'सावली' तयार होते, जिथे आवाज पोचतच नाही. हुशार पाणबुडी त्या सावलीत जाऊन बसते. १९३०च्या दशकात अमेरिकी नौदलाला कोडं पडलं होतं, की सकाळी उत्तम चालणारं सोनार दुपारी का मान टाकतं. आधी संशय सोनारवर बसणाऱ्यांवरच घेतला गेला, दुपारच्या जेवणानंतर डुलकी लागत असेल म्हणून. (आपल्या दुपारच्या लेक्चरला हे लागू आहे.) पण दोष उन्हाचा निघाला. म्हणून आता विमान आधी एक सोनोबॉय टाकतं तो फक्त पाण्याचं तापमान मोजायला, कुठल्या खोलीवर किती. कान कुठे लटकवायचे हे त्यावरून ठरतं.

आपल्या बाजूचा समुद्र तर आणखी फसवा. मुंबई-रायगडसमोर समुद्राचा तळ फार लांबवर उथळच राहतो. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे आणि तिथली खोली साधारण ७५ मीटर, म्हणजे कुतुबमिनार जेमतेम बुडेल एवढी. उथळ पाण्यात आवाज तळावर आणि पृष्ठभागावर आपटत जातो. रिकाम्या हॉलमध्ये माइकवर बोलल्यावर होतं तसं, एका आवाजाचे दहा आवाज. पावसाळ्यात त्यात अंबा, कुंडलिका, पाताळगंगा यांचं गोडं पाणी येऊन मिसळतं. ते हलकं, म्हणून किनाऱ्याजवळ खाऱ्या पाण्यावर थर करून बसतं. आणि वर्दळ वेगळीच. जेएनपीटीला येणारी मोठी जहाजं, धरमतर खाडीतून डोलवीकडे जाणाऱ्या बार्ज, मासेमारीच्या शेकडो बोटी. अशा पाण्यात शांत पाणबुडी शोधणं म्हणजे आठवडी बाजारात कुजबुज ऐकणं. म्हणूनच नौदल उथळ पाण्यासाठी वेगळ्या १६ छोट्या युद्धनौका बांधून घेत आहे. त्यातली पहिली जून २०२५मध्ये दाखल झाली. नाव आयएनएस अर्नाळा, वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्यावरून.

आपल्या जिल्ह्याचं नाव मात्र शिकाऱ्याला नाही, सावजाला मिळालंय. थळसमोरच्या खांदेरीवरून नाव ठेवलेली आयएनएस खांदेरी ही माझगाव डॉकमध्ये बांधलेली पाणबुडी २०१९पासून नौदलात आहे. तिच्या बांधणीतला सगळा आटापिटा उलटा, की कुणाच्याही सोनारला ती ऐकू येऊ नये. पंप आणि मोटारी धक्के शोषणाऱ्या बैठकीवर, पंख्याची पाती आवाज कमीत कमी होईल अशी. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी बॅटरीवर हळू चालली की जवळपास मुकीच होते.

मग न बोलणाऱ्याला पकडायचं कसं? त्याचं एक उत्तर अलिबागला आहे. तिथली चुंबकीय वेधशाळा तुमच्यापैकी अनेकांनी बीचवर जाताना पाहिली असेल आणि सेल्फीलायक नाही म्हणून सोडली असेल. आधी ही मोजणी कुलाब्याला व्हायची. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विजेने मोजमाप बिघडेल, म्हणून १९०४मध्ये वेधशाळा अलिबागला हलली. तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद तिथे अखंड चालू आहे. ट्रामने जे कुलाब्याला होणार होतं, तेच हजारो टन पोलादाची पाणबुडी समुद्रात करते. ती आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवते. पी-८आयच्या शेपटीतून मागे निघालेल्या लांब दांड्यात हा बिघाड पकडणारं यंत्र आहे. अमेरिकी नौदलाच्या पी-८ विमानांवर ते नाही, भारताने मुद्दाम मागून घेतलं. त्याचा पल्ला जेमतेम काही शे मीटर, म्हणून शोधायला त्याचा उपयोग कमी. पण सोनोबॉयने जागा दाखवल्यावर 'इथेच आहे' यावर शिक्का मारायला ते उपयोगी पडतं. कुठला बिघाड पाणबुडीचा आणि कुठला सूर्यावरच्या वादळाचा, हे ओळखायचं तर अलिबागला होते तसली मोजणी समजणारी माणसं लागतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्या पनवेललाच आहे. फिजिक्समध्ये एमएस्सी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

सोनोबॉय आजवर आपण मुख्यतः बाहेरून घेत आलो. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेने भारताला सुमारे ५ कोटी २८ लाख डॉलरचे सोनोबॉय विकायला मंजुरी दिली. २०२५च्या सुरुवातीला भारत डायनॅमिक्स आणि अल्ट्रा मेरिटाइम ही कंपनी मिळून ते भारतात बनवणार असल्याची घोषणा झाली. दर मोहिमेत डझनांनी समुद्राच्या पोटात जाणारी वस्तू कायम आयात करत राहणं परवडणारं नाही, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

शेवटचा मुद्दा आवाज करणाऱ्या बाकीच्यांचा. तो मोठा आहे, त्याला वेगळं पान लागेल. रेवदंड्याच्या बाजारात मिळणारे घोळ आणि ढोमी हे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर ढोलकीसारखा आवाज काढतात. याच कुळातल्या माशांनी १९४२मध्ये अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पाणबुड्यांवर पाळत ठेवणाऱ्या हायड्रोफोनची झोप उडवली होती. कोळंबीची एक जात नांगी आपटून असा चटचटाट करते, की त्यामागे पाणबुडी लपू शकते. उलट नौदलाच्या जोरदार पिंगचा त्रास देवमाशांना होतो. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ देवमासे आणि डॉल्फिन किनाऱ्याला लागले, आणि त्यात आपल्या सोनारचा हात असल्याचं अमेरिकी नौदलाने पुढे कबूल केलं. पॅसिव्ह सोनोबॉय मात्र कुणाला त्रास देत नाही, तो फक्त ऐकतो. म्हणून अंटार्क्टिकाजवळ शास्त्रज्ञ तेच नळकांडं पाण्यात टाकून निळ्या देवमाशांचा माग काढतात. हा मासा इतक्या खालच्या सुरात गातो, की त्याचा आवाज शेकडो किलोमीटर जातो. जून २०१५मध्ये असाच एक, सुमारे ४२ फुटांचा, रेवदंड्याला किनाऱ्यावर आला होता. त्याला वाचवता आलं नाही. आपल्या समुद्रात असे आणखी किती आहेत आणि कुठे आहेत, हे शोधायलाही आठ तास गप्प बसून ऐकणारे असेच कान लागतील.